झाकलेला श्वास

आक्का, सुरुवात तुझ्या आवडत्या गोष्टीनं करतो, म्हणजे तू मध्येच उठून जाणार नाहीस. पुढं जे सांगायचं आहे त्यासाठी तुला जरा बसवून ठेवायला हवं, आणि तुला बसवून ठेवणं आख्ख्या वडगावात कुणाला जमलेलं नाही.

तर, निपाणीहून पाहुणे तुला बघायला आलेत. पोह्यांच्या बशा फिरतायत. शेजारच्या घरातला मी, चड्डीतला, एक बशी आपल्याकडंही वळेल या आशेनं दाराशी उभा. मुलाचे मामा मिशीवरून हात फिरवत विचारतात, "पोरीला गाणं येतं का?" तुझी आई विचार न करता म्हणते, "येतं की!" तू लाजून आतल्या खोलीत पडद्याआड जाऊन बसतेस आणि गायला लागतेस. पहिली ओळ संपायच्या आत मामा उठतात, काठीनं पडदा बाजूला सारतात, आत डोकावतात आणि विचारतात, "पोरगी कुठाय? आन् ह्यो गडी कोण गायलाय?"

इथं मी नेहमी थांबतो. लोकांना हसून घेऊ देतो. मग सांगतो, की नवरामुलगा बसल्या जागेवरून म्हणाला, "मामा, बसा खाली. माग चालू असतानाबी हाक ऐकू येईल असली बायको कुठं मिळती?" आणि तो निपाणीचा माणूस लग्न करून जो वडगावात तुमच्या साड्या विणायच्या मागावर येऊन बसला, तो शेवटपर्यंत उठला नाही.

बँकेत कारकुनी आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाकार्यांत निवेदन, हे माझे दोन धंदे. ही गोष्ट मी किती मांडवांत सांगितली असेल त्याला गणती नाही. माझ्या गोष्टीत मामांच्या हातात काठी असायची. तू म्हणायचीस, काठी नव्हती रं, छत्री होती. यावर आपण वर्षानुवर्षं भांडलो. तुझ्या तेराव्याला मी काठीच सांगितली. छत्री म्हटलं असतं तर माझा आवाज फुटला असता.

मांडवातली माणसं हसली. तुझी लेक रेखाही ओढणीनं डोळे पुसत हसली. माणसं पांगल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मामा, एक विचारू? गाण्यात तुम्ही कायम आईच्या शेजारी उभं असायचा. तुम्हाला कधी काय जाणवलं न्हाय?"

आक्का, मी काय केलं माहीत आहे? तिला दुसरी गोष्ट सांगितली.

*

ती कुठली गोष्ट सांगितली तेही कबूल करतो. आपल्या गाण्याच्या मंडळाच्या पहिल्या आयतवाराची.

लोंढ्याचे डिसोझा मास्तर रेल्वेतून निवृत्त होऊन बेळगावात अनगोळला मुलीकडं राहायला आले आणि त्यांना स्वस्थ बसवेना. लहानपणी ते लोंढ्याच्या चर्चमध्ये गायलेले. त्यांनी दर आयतवारी, सुट्टीच्या सकाळी, शाळेच्या हॉलमध्ये समूहगानाचं मंडळ सुरू केलं. आलं कोण? खानापूरकडचे, गावात शेती आणि शहरात नोकरी असलेले गडी. शहापूर-वडगावच्या साड्या विणणाऱ्या बायका. भजनातले टाळकरी. आणि कधीतरी माइक हातात मिळेल या आशेनं मी. तुला मीच ओढून आणलं. यजमान गेल्यापासून तू मागाशिवाय कुणाशी धड बोलत नव्हतीस.

पहिल्याच गाण्याला गोंधळ. आपल्याकडं एकत्र गायचं म्हणजे सगळ्यांनी एकाच पट्टीत गायचं. गड्यांची पट्टी धरली की बायका विहिरीच्या तळातून बोलल्यासारख्या. बायकांची धरली की गडी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखे. भजनात आपण हे पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलोय, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मास्तरांनी मात्र दोन्ही कानांवर हात ठेवले आणि "साकु, साकु!" म्हणून ओरडले. कानडीतल्या त्या 'पुरे'मध्ये जी कळवळ असते ती मराठीत आणता येत नाही.

मग त्यांनी एकेकाचा आवाज ऐकला आणि चार रांगा केल्या. चढ्या आवाजाच्या बायका, खालच्या आवाजाच्या बायका, चढे गडी, खर्जातले गडी. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. तुझी पाळी आली. तू एक सूर लावलास. मास्तरांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही तिसऱ्या रांगेत."

सगळा हॉल हसला. तू पदर खोचलास आणि गड्यांच्या रांगेत अशी जाऊन उभी राहिलीस, जशी काही ती जागा रुमाल टाकून धरलेली होती. तुझ्याशेजारी मला उभं केलं, कारण माझा आवाज कुठल्याच रांगेत धड बसेना.

इथपर्यंत गोष्ट सांगितली तेव्हा रेखा पुन्हा हसली. मी सुटलो असं मला वाटलं.

*

मास्तर चहाच्या वेळी आवाजांचा इतिहास सांगायचे आणि मी परत येताना टमटममध्ये तो नाटक करून पुन्हा सांगायचो. तुला आठवतो तो दिवस? मास्तर सांगत होते, युरोपात शेकडो वर्षं बहुतेक चर्चमध्ये गायकांच्या रांगेत बायकांना जागाच नव्हती. मग चढा सूर लावायचा कुणी? लहान पोरांनी. त्यांचा आवाज फुटला की त्यांना बाहेर काढायचं, नवी पोरं आणायची. काही मोठी माणसं डोक्यातून बारीक आवाज काढून ती जागा भरायची. आणि इटलीत तर काही पोरांचा आवाज फुटूच नये म्हणून... इथं मास्तर थांबले, दोन बोटांची कात्री केली, आणि गड्यांच्या दोन्ही रांगांनी एकदम मांड्या आवळल्या.

तू कप खाली ठेवलास. "म्हंजे बायकांनी तोंड उघडायचं न्हाय आन् पोरांनी मोठं व्हायचं न्हाय. मग देवानं ऐकायचं तरी कुणाचं?"

मी म्हटलं, "आक्का, आपण तरी कुठले साव? आपल्या संगीत नाटकांत पुरुष नऊवारी नेसून नायिकेची पदं म्हणायचे, आणि खालून 'वन्स मोअर'!"

"व्हय की. गडी बाईच्या गळ्यानं गायला की वन्स मोअर. बाई गड्याच्या गळ्यानं गायली की पडदा सारून बघत्यात."

कुणी हसलं नाही. तू एकटीच हसलीस, पोटातून, त्या तुझ्या जाड आवाजात.

मग मास्तरांनी सांगितलं की फार जुन्या काळी टेनर म्हणजे चढा गडी असा अर्थच नव्हता. चार-पाच आवाजांत एकानं मूळ चाल लांबलांब सुरांत धरून ठेवायची आणि बाकीच्यांनी तिच्याभोवती हिंडायचं. धरून ठेवणारा तो टेनर. तू म्हणालीस, "म्हंजे ताणा. उभा ताणा घट्ट आसंल तर आडवा धागा कसाबी खेळू दे." मास्तर म्हणाले, "बाई, मला मागातलं काही कळत नाही. पण तुम्ही रागावून सांगताय म्हणजे तसंच असणार."

त्यावरूनच त्यांना ते गाणं सुचलं. मागावरचं. पहिल्या रांगेला फुलं आणि नक्षी, दुसरीला काठ, चौथीला आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची ये-जा. आणि ताणा फक्त तुझ्या-माझ्याकडं, त्याला शब्दच नाहीत. गाणं सुरू होतं तिथून संपेपर्यंत एकच 'आ'. न तुटणारा. बेळगावातल्या सगळ्यांत बडबड्या माणसाला एक अक्षर! मी तक्रार केली. तू म्हणालीस, "बरं झालं. तुझ्या तोंडाला येवढंच पेलतंय."

एवढा लांब सूर एका छातीत मावत नाही. त्याची युक्ती मास्तरांनी शिकवली. जोडी करायची, आणि जोडीतल्या दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकानं घेतला की दुसऱ्यानं सूर थोडा भरायचा. मग बाहेर ऐकणाऱ्याला वाटतं, ही माणसं श्वासच घेत नाहीत. मास्तर म्हणायचे, "देवासमोर चालणारी ही एकच चोरी."

आक्का, मला त्या चोरीचं व्यसन लागलं. तू कोपरानं माझ्या कोपराला शिवायचीस, म्हणजे 'श्वास मी घेतो'; आपल्याकडच्या बायकाही 'घेतो'च म्हणतात. मी भरायचो, तू गुपचूप घ्यायचीस, परत यायचीस, मग मी तुला शिवायचो. समोर माणसं मान डोलावतायत आणि त्यांच्या नाकासमोर आपण दोघं चोरी करतोय! आयुष्यभर मी बोलून टाळ्या घेतल्या. न बोलता, नुसतं कुणाच्या तरी शेजारी उभं राहून एवढी मजा येते, हे तू मला दाखवलंस. त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. म्हणायला गेलो असतो तर तू म्हणाली असतीस, "झालं तुझं सुरू."

*

दिवाळीनंतर तुझं कोपर लवकर लवकर लागायला लागलं.

आधी ओळीत एकदा लागायचं, ते दोनदा लागू लागलं. मग माझी पाळी यायच्या आतच पुन्हा. एका आयतवारी तालीम सुटल्यावर मी म्हटलं, "आक्का, माझ्या वाटणीचा श्वासबी तूच घ्यायलीस. भाडं लावू काय?"

तू हसली नाहीस. चपलेचा अंगठा नीट करायचं निमित्त काढून शाळेच्या पायरीवर बसलीस.

"जरा दम लागतोय रं."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवतो की."

"मी रेखाला सांगतो."

"बाळ्या!" पायरीवरची कबुतरं उडाली त्या हाकेनं. मग आवाज उतरवून म्हणालीस, "तिला सांगितलंस तर ती मला घरात बसवंल. मास्तरला सांगितलंस तर त्ये मला खुर्चीत बसवतील. खुर्चीत बसून ताणा धरत न्हाईत." आणि तू माझा हात धरून स्वतःच्या गळ्याला लावलास. "घे. गळ्याशप्पथ."

आपल्या गल्लीतली पोरं अजून घेतात ही शपथ. दुसऱ्याच्या गळ्याला चिमूट लावायची, आणि त्यानं 'सुटली' म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही. उघडलं तर त्याच्या गळ्याला काहीतरी होतं. केस पांढरे झालेला माणूस, शाळेच्या पायरीवर, गळ्याशप्पथ! मला गंमत वाटली. तिथंच चुकलं, आक्का. मला काळजी वाटायला हवी होती आणि मला गंमत वाटली.

त्यानंतर मी जे केलं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम होतं, आणि ते आठवलं की मान वर होत नाही.

जांबोटीचा कार्यक्रम आठव. बसनं फाट्यावर सोडलं, पुढं चढाची वाट. तू मागं पडू लागलीस. मी वळून सगळ्यांना अडवलं. "थांबा, थांबा! ही गोष्ट चालता चालता सांगण्यासारखी नाही!" माणसं माझ्याभोवती कोंडाळं करून हसत होती, आणि तू त्यांच्या पाठीमागं झाडाला टेकून श्वास गोळा करत होतीस. माझा एक डोळा तुझ्याकडं. तुझा चेहरा निवळला की माझी गोष्ट संपायची. पुढच्या चढाला दुसरी. वर पोचेपर्यंत माझा साठा संपला आणि मी पहिलीच पुन्हा सांगितली, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. मास्तर म्हणाले, "आज काय रंगलाय हा!" खरंच रंगलो होतो.

आणि मग निपाणी. तुझं सासर. पुढच्या रांगेत पडदा सारणाऱ्या मामांच्या घरची माणसं, त्यांच्या शेजारी रेखा. त्या दिवशी तू जवळजवळ गायलीच नाहीस. मान ताठ, पदर नीट, तोंड उघडं, आणि आवाज माझा. नक्कल करणं माझ्या हाडात आहे. मी तुझा जाडपणा आणला, तुझा तो किंचित घोगरा काठ आणला, आणि माझे श्वास इतके बारीक तुकडे करून घेतले की ते मलाच ऐकू येईनात. टाळ्या पडल्या. मामांचा नातू येऊन तुझ्या पाया पडला. मास्तर म्हणाले, "आज तुम्ही दोघं श्वास कुठं घेतलात, मला सापडलं नाही." मी वाकून मुजरा केला. नाटकात करतात तसा, तीन पावलं मागं जाऊन.

परतीच्या गाडीत तू खिडकीशी बसली होतीस. मग बाहेर बघत म्हणालीस, "बाळ्या, आपुन बरं करतोय न्हवं?"

मी म्हटलं, "आक्का, वन्स मोअर!"

तू हसलीस. तुला हसवल्याचा मला आनंद झाला. आता वाटतं, त्या वेळी 'सुटली' हा शब्द तुझ्या ओठावर आला होता, आणि मी विनोद करून तो परत आत ढकलला.

*

दवाखान्यातलं तुला ठाऊक नाही. तू आत होतीस.

डॉक्टर बाहेर आले. हृदय फार थकलंय म्हणाले, फुफ्फुसात पाणी आहे, हे आजचं नाही, कित्येक महिन्यांचं आहे. मग रेखाला विचारलं, "दम कधीपासून लागत होता?"

रेखा म्हणाली, "लागतच नव्हता, डॉक्टर. माझी आई गाणं म्हणते. निपाणीत मी स्वतः ऐकलंय. येवढा लांब सूर, एका श्वासात."

डॉक्टर म्हणाले, "एका श्वासात? या फुफ्फुसांनी?"

"व्हय," रेखा म्हणाली. आणि आक्का, अशा वेळीसुद्धा तिच्या आवाजात अभिमान होता.

मी तिच्या पाठीमागं उभा होतो. ज्या माणसाला तोंड बंद ठेवता येत नाही म्हणून गावात नाव आहे, तो तोंड बंद ठेवून उभा होता. तुझ्या गळ्याला काही होईल म्हणून नव्हे. आत तुझ्या गळ्यात नळी घातलेली मला दारातून दिसत होती. शपथेला आता काय घाबरायचं? मी रेखाच्या चेहऱ्याला घाबरलो.

समूहगानाची मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट हीच होती, की त्यात कुणा एकाचा श्वास ऐकू येत नाही. एक दमला तर दुसरा भरतो आणि सूर चालू राहतो. पण तुझा श्वास ऐकू यायला हवा होता. तिसऱ्या रांगेतून एक भोक पडायला हवं होतं, मास्तरांनी "साकु" म्हणायला हवं होतं, सगळ्यांनी तुझ्याकडं वळून बघायला हवं होतं, आणि समोर बसलेल्या तुझ्या लेकीनं खुर्चीवरून उठायला हवं होतं. मी ते भोक बुजवलं. फार सफाईनं बुजवलं.

तू म्हणशील, "माझं मला कळत न्हवतं व्हय रं?" कळत होतं. तुला उभं राहायचं होतं आणि तू उभी राहिलीस. कधी कधी मलाही वाटतं, तुला खुर्चीत बसवलं असतं तर तू मला जन्मभर माफ केलं नसतंस. आणि लगेच वाटतं, चाललं असतं की. तू रागावून, न बोलता, गल्लीत पंचवीस वर्षं माझ्यासमोरून गेली असतीस तरी चाललं असतं.

*

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या मागाच्या खोलीत गेलो. रेखा तुटलेले धागे जोडत होती. मी दारातच उभा राहिलो आणि म्हणालो, "रेखा, मला माहीत होतं."

मग सगळं सांगितलं. कोपर, पायरी, शपथ, जांबोटी, निपाणी. जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट हातवारे न करता सांगितली. फार लहान निघाली.

तिच्या हातातला धागा तसाच राहिला. "कधीपासनं?"

"दिवाळीपासून."

"आन् दवाखान्यात माझ्या मागंच हुता न्हवं तुम्ही? एका श्वासात म्हणती आई, आसं माझ्या तोंडातनं येत हुतं तवा?"

"हो."

"निपाणीत मग कुणाचा आवाज ऐकला मी?"

तिनं धाग्याची गाठ मारली, उठली आणि मागाचं बटण दाबलं.

खटखटाट सुरू झाला. मी काहीतरी बोललो. 'रेखा, ऐक,' असं काहीतरी. पुन्हा मोठ्यानं बोललो. तुझा आवाज त्या खटखटाटाच्या खालून निघून यायचा आणि रस्त्यापर्यंत पोचायचा. माझा दारातून आतही गेला नाही. तिनं वळून बघितलं नाही. मी घरी आलो.

त्या आठवड्यात मी बँकेत कुणाला गोष्ट सांगितली नाही. एका लग्नाचं निवेदन होतं, ते घसा बसलाय म्हणून सोडलं. घसा ठणठणीत होता.

आयतवारी मंडळात गेलो. मास्तरांनी तिसऱ्या रांगेत तुझी जागा मोकळी सोडली होती. म्हणाले, तेच गाणं घेऊ, बाईंसाठी. मी म्हटलं, मास्तर, माझी जोडी नाही. ते म्हणाले, "जमेल तेवढं धरा."

इतक्यात रेखा दारात आली. केसांवर सुताचे तंतू तसेच. कुणाला काही न विचारता चालत आली आणि तुझ्या जागेवर उभी राहिली. तुला ठाऊक आहेच, तिचा आवाज तुझ्या उलट, सुईसारखा. मास्तर हळूच म्हणाले, "पोरी, तुझी जागा पहिल्या रांगेत."

"न्हाय मास्तर. हितंच."

गाणं सुरू झालं. मी 'आ' धरला. रेखा गायली नाही, नुसती उभी राहिली. माझी छाती रिकामी झाली, मी श्वास घेतला, आणि सूर तुटला. सगळ्यांना ऐकू गेला. फुलं, काठ, धोटा सगळं अधांतरी लोंबत राहिलं. मास्तरांनी "साकु" म्हटलं नाही. मी पुन्हा धरला. पुन्हा तुटला. रेखा कान देऊन ऐकत होती. दोन्ही वेळा तिनं मान माझ्याकडं वळवली, तुटला तिथं, बरोबर तिथं. तिसऱ्या वेळी माझी छाती रिकामी होता होता एक कोपर माझ्या कोपराला लागलं. मग तिनं सूर धरला. बारीक, वरच्या सप्तकात, जरा उशिरा. पण धरला.

तालीम सुटल्यावर ती त्याच पायरीवर चपला घालत होती. मी शेजारी उभा राहिलो.

माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "मामा, एक सांगून ठेवतो. उद्या तुमचा दम कमी पडला तर मी झाकायची न्हाय. गाणं थांबवीन. सगळ्यांदेखत."

"शप्पथ?" माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"शप्पथ-बिप्पथ काय न्हाय." ती उठली. "आन् ही गोष्ट मांडवात सांगायची न्हाय. लिवायची आसंल तर लिवा. पण छत्री लिवा. आई छत्रीच म्हणायची."

तिनं मला माफ केलंय असं मी समजत नाही. अजून मामा म्हणते, एवढंच. ते पुष्कळ आहे.

तर आक्का, लिहून देतो. त्या दिवशी मामांच्या हातात छत्री होती. तो वाद तू जिंकलीस. राहिली शपथ. ती मी मोडली, आणि मोडायची तेव्हा न मोडता नको तेवढ्या उशिरा मोडली. तिचं काय करायचं ते तूच बघ. येत्या आयतवारी तेच गाणं आहे. मी श्वास घेईन, आणि रेखा सूर धरते तो अजून जरा उशिराच, त्यामुळं मध्ये एक फट पडते. लहानशी. तेवढ्यात म्हण.

'सुटली' म्हणायला कितीसा वेळ लागतो?